शिकाऊ हातांतले हेलिकॉप्टर
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



‘छंद आणि शिक्षण’ या विषयावर मी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. विषय फार मोठा आहे. त्यातला एकच लहानसा तुकडा मी घेणार आहे, तो म्हणजे रेडिओच्या लहरींवर चालणारे छोटे हेलिकॉप्टर. कलाशाखेच्या पदवीधराने यंत्राविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण विद्यार्थ्यांबरोबर मीही हे शिकत आलो आहे आणि काही पालकांनी मला रोखठोक प्रश्न विचारला आहे : “सर, या खेळाचा परीक्षेत उपयोग काय, आणि पोराचे बोट तुटले तर जबाबदार कोण?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आज द्यावयाचे आहे.

ईदीचे पैसे साठवून मुले बाजारातून जे आणतात, किंवा आखातातून आलेले मामा जे घेऊन येतात, ते बहुधा एकावर एक दोन पंखे असलेले खेळणे असते. हे दोन पंखे परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात, त्यामुळे यंत्राचे अंग आपोआप गरगरत नाही. ते घरात छान तरंगते. मुलगा म्हणतो, मला आले! मात्र बाहेर वाऱ्याची झुळूक आली की ते शेजाऱ्याच्या कौलांवर जाऊन बसते. खऱ्या हेलिकॉप्टरसारखे, म्हणजे वर एक मोठा पंखा आणि शेपटाला एक छोटा पंखा असलेले यंत्र हातात घेतले, की खरी शाळा सुरू होते.

त्याला एकाच वेळी चार आज्ञा द्याव्या लागतात. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत डाव्या दांडीने वर-खाली जाणे आणि नाक वळविणे, तर उजव्या दांडीने पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुकणे होते. ऐकावयास सोपे आहे. अडचण पुढे आहे. मोटारगाडीचे चाक सरळ केले की गाडी सरळ जाते. हेलिकॉप्टर मात्र एकदा डावीकडे कलले, की दांडी मध्यावर आणली तरी कललेलेच राहते आणि घसरतच जाते. त्याला उलट दाब द्यावा लागतो, तोही नेमका आणि वेळेआधी. उलट दाब जास्त झाला की ते दुसऱ्या बाजूला पळते. नवशिक्याचे यंत्र झोपाळ्यासारखे हेलकावे खात शेवटी जमिनीवर आपटते ते यामुळेच.

म्हणून पहिले काही दिवस उडवावयाचेच नाही. खाली दोन काटक्या आडव्या-उभ्या बांधून त्यांच्या चार टोकांना टेबल-टेनिसचे चेंडू लावतात, म्हणजे यंत्र सहसा कलंडत नाही. गुळगुळीत फरशीवर जेमतेम हलके करून त्याला पुढे-मागे सरकवावयाचे. मग वीतभर उचलावयाचे. इथे एक गंमत आहे. भिऊन जमिनीलगत ठेवलेले यंत्र जास्त डळमळते, कारण त्याच्याच पंख्याने खाली ढकललेली हवा जमिनीवर आपटून उसळते. छाती करून मीटर-दीड मीटर वर नेले, की ते शांत होते.

शेपूट आपल्याकडे ठेवून ते एका जागी तरंगत ठेवणे हा पहिला धडा. नंतर बाजू आपल्याकडे, आणि शेवटी नाक आपल्याकडे. या शेवटच्या धड्याला भलेभले घाबरतात, कारण यंत्राचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो. तेव्हा ज्या बाजूला ते झुकले त्याच बाजूला दांडी न्यावयाची, ही खूणगाठ मुले बांधतात. पण विचार करावयास तेथे वेळ कोठे असतो! ते बोटांतच मुरावे लागते. पाढे पाठ होतात त्याच रीतीने हे होते, दुसरी वाट मला तरी दिसलेली नाही.

हे मुरविण्यासाठी संगणकावर सराव करण्याची सोय आहे. खरा दांडीचा पेटारा संगणकाला जोडावयाचा आणि पडद्यावरचे हेलिकॉप्टर उडवावयाचे. पडले तर एक कळ दाबली की नवे मिळते. खरे पडले तर पाती, मधला दांडा, शेपटाची नळी, सगळे एकदम जाते, आणि मग “अब्बा रागावतील” म्हणून मुलगा ते पिशवीत लपवून घरी नेतो. पालकांना माझी विनंती आहे, पैसे खर्चावयाचेच असतील तर आधी सरावावर खर्च करा, यंत्र नंतर घ्या.

मोडतोडीची लाज वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेतील आर्थर यंग यांनी गणिताचे शिक्षण घेतले होते. १९२८पासून त्यांनी हेलिकॉप्टरच्या लहान प्रतिकृती करण्यास सुरुवात केली. त्या पडत, मोडत, ते पुन्हा करीत. मुख्य पंख्याबरोबर फिरणारी, वजने लावलेली एक दांडी त्यांनी बसविली आणि यंत्र स्थिर झाले. १९४१ साली ती प्रतिकृती घेऊन ते बेल कंपनीत गेले. त्यातूनच पुढे ‘बेल ४७’ तयार झाले आणि १९४६ साली नागरी वापराचा परवाना मिळविणारे ते पहिले हेलिकॉप्टर ठरले. म्हणजे आधी खेळणे उडाले, मग माणूस! रेडिओवर चालणारे छोटे हेलिकॉप्टर शौकिनांच्या हातात आले ते १९७०च्या सुमारास, जर्मनीच्या डीटर श्ल्यूटर यांच्या खटपटीमुळे. आज यंगसाहेबांच्या त्या दांडीचे काम नखाएवढी इलेक्ट्रॉनिक चकती करते.

आता बोटाचा प्रश्न. मध्यम आकाराच्या यंत्राच्या पंख्याचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर धरा आणि मिनिटाला २,५०० फेरे धरा. दहावीच्या मुलांनी आत्ताच वहीत गणित करावे. पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३३० किलोमीटर येतो. २०१३ साली न्यूयॉर्कमधील एका बागेत अशाच जातीचे, पण मोठे यंत्र लागून एका तरुणाचा मृत्यू झाला आणि तो नवशिका नव्हता. पालकांची भीती खोटी नाही, हे मी मान्य करतो. म्हणूनच आमच्या गटात उडविणारा यंत्रापासून दहा पावले लांब उभा राहतो, बाकीचे त्याच्या मागे उभे राहतात, आणि पाती पूर्ण थांबल्याशिवाय कोणी हात लावीत नाही. लहान भावंडांना सोबत आणावयाचे नाही. यात सवलत मागणाऱ्यास मी त्या दिवशी घरी पाठवितो.

बॅटरीलाही जपावे लागते. लिथियम-पॉलिमरचा प्रत्येक घट पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट असतो. त्यापुढे भरल्यास किंवा घट फुगला असता तसाच वापरल्यास तो पेट घेऊ शकतो. ती तिच्याच चार्जरवर, फरशीवर, कोणी जागे असताना भरावी. रात्रभर गादीवर ठेवून मुळीच भरू नये.

शिवाय कायदाही आहे. २०२१च्या ड्रोन नियमांत शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी, नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या प्रतिकृतींचा वेगळा उल्लेख आहे. कोठे उडवावे आणि कोठे नाही याचे सरकारी नकाशे आहेत. विमानतळाजवळच्या मैदानात नेऊ नये. निघण्यापूर्वी नकाशा पाहण्याचे काम मी मुलांवरच सोपविले आहे.

परीक्षेत याला गुण नाहीत. पण ज्या मुलाला न्यूटनचा तिसरा नियम नुसता पाठ होता, त्यालाच शेपटाचा छोटा पंखा बंद पडताच सारे यंत्र का गरगरले ते समजावून सांगताना मी ऐकले आहे. आमच्यापैकी सर्वांत स्थिर हात नववीतल्या एका मुलीचा आहे. तिच्या अम्मींनी मला दोनदा विचारले, मुलींचे यात काय काम? आता त्या स्वतः मैदानाच्या कडेला बसून घड्याळ लावतात, कारण पाच मिनिटे झाली की बॅटरी संपत येते आणि यंत्र उतरवावे लागते.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात सराव आहे. ज्यांना नाव द्यावयाचे आहे त्यांनी घरच्या एका वडीलधाऱ्या माणसास सोबत आणावे. दांडी आधी त्यांच्या हातात देणार आहे.