जगज्जेता रिंगण सोडतो तेव्हा



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आमचे शालेय शिक्षण सातवीतच संपले. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातली पुस्तके वाचून आणि कारखान्याच्या फाटकावर उभे राहून. अशा माणसाने मुष्टियुद्धावर काय बोलावे, असे कुणाला वाटले तर त्यात नवल नाही. पण आमच्या लेखी मुष्टियोद्धाही कामगारच आहे. त्याचे सारे भांडवल म्हणजे दोन हात. हात थकले की तो घरी. असा विजेता रिंगण सोडून जातो तेव्हा त्याच्या चाहत्यांना त्याची उणीव भासते काय, आणि भासली तर ती त्याच्या काय कामाची, एवढाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवणार आहोत. उदाहरण घेतो अमेरिकेच्या जो लुईसचे.

१९१४ साली अलाबामा राज्यात, दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने राबणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबात जो जन्मला. तो बारा वर्षांचा असताना हे कुटुंब पोट भरण्यासाठी डेट्रॉइटला आले. आई व्हायोलिनच्या शिकवणीसाठी पैसे देई आणि पोरगा ते मुष्टियुद्धाच्या तालमीत भरी, अशी गोष्ट सांगतात. पुढे काही काळ तो फोर्डच्या मोटार कारखान्यात कामाला होता. २२ जून १९३७ रोजी शिकागो येथे जेम्स ब्रॅडकला आठव्या फेरीत लोळवून तो जगज्जेता झाला. हा ब्रॅडकही मंदीच्या दिवसांत गोदीत हमाली केलेला माणूस! एका कष्टकऱ्याने दुसऱ्या कष्टकऱ्याकडून मुकुट घेतला, असे म्हणावयास हरकत नाही.

बरोबर एक वर्षाने, २२ जून १९३८ रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग त्याच्यासमोर उभा राहिला. श्मेलिंगने १९३६ साली जोला बाराव्या फेरीत हरवले होते. तो स्वतः नाझी पक्षाचा सभासद नव्हता. पण हिटलरच्या राजवटीने त्या विजयाचा डंका पिटून घेतला होता. या वेळी सत्तर हजार माणसे जमली होती, आणि कुस्ती आटोपली १२४ सेकंदांत! ज्या देशात जोच्या वर्णाच्या माणसाला कित्येक उपाहारगृहांत शेजारी बसू देत नसत, तो सारा देश त्या रात्री त्याच्या नावाने नाचला. आणि त्याचे स्वतःचे लोक? गरीब वस्त्यांतून माणसे रेडिओला कान लावून बसत. त्याचा गुद्दा बसला म्हणजे प्रत्येकाला वाटे, हा आपलाच हात.

युद्ध आले तेव्हा १९४२ साली त्याने दोन लढतींची आपली बिदागी नौदलाच्या आणि सेनादलाच्या मदतनिधीस देऊन टाकली, आणि साधा शिपाई म्हणून तो सैन्यात गेला. अकरा वर्षांहून अधिक काळ त्याने जगज्जेतेपद सांभाळले, पंचवीस वेळा राखले, आणि १ मार्च १९४९ रोजी निवृत्ती जाहीर केली.

त्या दिवशी कुणी विचारले असते, 'चाहत्यांना याची उणीव भासेल काय?' तर उत्तर एकच मिळाले असते. भासेल म्हणजे काय! आणि खरोखरच भासली. नवा विजेता एझर्ड चार्ल्स हा चांगला कसबी गडी होता. पण लोकांना तो जोच्या जागी पटेना. पण या हळहळीचे जोच्या बाबतीत काय झाले ते पाहा.

त्याच्या डोक्यावर प्राप्तिकराची थकबाकी होती. जी बिदागी त्याने देशाला देऊन टाकली होती, तिच्यावरही कर आकारला गेला. त्यावर व्याज, व्याजावर व्याज. हा आकडा पुढे दहा लाख डॉलरांच्या वर गेला. एका बाजूला कर्जाचा तगादा आणि दुसऱ्या बाजूला 'परत या' म्हणणारे लोक. तो परत आला. २७ सप्टेंबर १९५० रोजी त्याच यांकी स्टेडियमवर तो चार्ल्सशी लढला आणि पंधरा फेऱ्यांनंतर गुणांवर हरला. त्या रात्री मैदानावर माणसे किती? बावीस हजारांच्या आसपास! बाकीच्यांनी घरी बसून टेलिव्हिजनवर पाहिले. उणीव भासत होती; पण तिकीट काढण्याइतकी नव्हती, असे कुणी म्हटले तर आम्ही त्याला दोष देणार नाही.

पुढच्या वर्षी, २६ ऑक्टोबर १९५१ रोजी, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत जोला दोरांबाहेर फेकले. जो त्या वेळी सदतीस वर्षांचा होता. मार्सियानो हा ब्रॉक्टन गावच्या बुटांच्या कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा, जोचा चाहता. लढत संपल्यावर तो रडला, असे सांगतात. त्या मैदानातला सर्वांत खरा चाहता बहुधा तोच असावा. पण त्यालाही त्या रात्री ठोसे मारणेच भाग होते.

यापुढे जो व्यावसायिक कुस्तीच्या तमाशात उतरला. उतारवयात लास व्हेगासच्या एका जुगारगृहात आल्यागेल्याशी हस्तांदोलन करण्याची नोकरी त्याने केली. १२ एप्रिल १९८१ रोजी तो वारला. त्याच्या अंत्यविधीच्या खर्चाला कुणी हातभार लावला? श्मेलिंगने. ज्याला त्याने १२४ सेकंदांत पाडले होते, त्याने!

आता कुणी म्हणेल, दोष त्याचाही होता. होता. पैसा त्याच्या हाती टिकत नसे. मागेल त्याला तो देई. पण कुटुंबाने मंदीत घेतलेली सरकारी मदत यानेच पुढे परत फेडली होती, हेही विसरू नये. उधळ्या म्हणून नावे ठेवणे सोपे आहे. कारखान्यातला गडी उधळ्या असो वा काटकसरी, त्याचा फंड कापला जातोच. कारण ती सोय त्याच्या स्वभावावर सोडलेली नाही, १९५२ सालापासून कायद्याने बांधलेली आहे. जोला तसा कायदा नव्हता, आणि युनियनही नव्हती.

येथे आमची स्वतःची एक चूक सांगतो. एका कारखान्यात तीस वर्षे एकाच यंत्रावर काढलेला गडी निवृत्त झाला. शाल झाली, श्रीफळ झाले, फोटो निघाले. 'तुमची उणीव आम्हांला सदैव भासेल,' असे प्रत्येक वक्त्याने सांगितले, आम्हीही सांगितले. दोन महिन्यांनी तो फाटकाशी येऊन उभा राहिला. पोरांनी हाक मारली, चहा पाजला. पुन्हा आला, तेव्हा दोघेतिघे बोलले. तिसऱ्या खेपेस कुणी थांबले नाही. पुढे कळले की त्याच्या फंडाचे पैसे अडकले होते, आणि ते विचारायला तो येत होता. पण एवढा सत्कार झाल्यावर मागायचे कसे, म्हणून नुसता चहा पिऊन जात होता. भाषण करणाऱ्या आम्हां कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. मग कचेरीत खेटे घातले तेव्हा पैसे निघाले. त्या दिवसापासून निरोपसमारंभात उणिवेची गोष्ट काढण्यापूर्वी आम्ही विचारतो, 'दादा, फंडाचा अर्ज भरलात काय?'

म्हणून आमचे उत्तर असे: चाहत्यांना विजेत्याची उणीव भासतेच. परंतु पुष्कळदा ती त्या माणसाची नसते, त्याच्यामुळे आपल्याला चढलेल्या तेजाची असते. ती उणीव त्याला पुन्हा रिंगणात ओढते. मुहम्मद अलीही १९८० साली, अडतिसाव्या वर्षी, असाच परत येऊन लॅरी होम्सचा मार खाऊन गेला. उलट मार्सियानोने एकोणपन्नास लढतींत एकोणपन्नास विजय मिळवून १९५६ साली रिंगण सोडले, आणि लोकांच्या हाकेला तो पुन्हा बधला नाही.

उणीव कामाची व्हावी अशी रीतही आहे. कॅलिफोर्निया राज्यात १९८२ पासून मुष्टियोद्ध्यांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आली. प्रेक्षकाच्या प्रत्येक तिकिटामागे थोडे सेंट बाजूला पडतात, आणि त्या राज्यात ठराविक फेऱ्या लढलेल्याला पन्नाशीनंतर त्यातून रक्कम मिळते. रक्कम फार मोठी नसेल. पण टाळी वाजवणाऱ्याच्या खिशातून म्हाताऱ्याच्या हातापर्यंत जाणारी वाट तिने पाडली.

डेट्रॉइट शहरात १९८६ साली जो लुईसचे स्मारक उभे राहिले. चोवीस फूट लांबीचा, काशाचा एक हात आणि त्याची आवळलेली मूठ. चेहरा नाही, माणूस नाही, फक्त मूठ. लोकांना जे आठवले ते त्यांनी उभारले. आपल्या गावात, आपल्या कारखान्यात, आपल्या तालमीत जो कुणी उद्या हात थकून घरी बसेल, त्याची मूठ आठवताना ती उघडून पाहा, तिच्यात काही आहे की नाही.