जाळीचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात महिला मंडळाने भरवलेल्या विणकाम प्रदर्शनाच्या वेळी केलेलं भाषण)

मित्रहो, मागच्या रांगेत बसून ‘हे आता विणकामावर काय बोलणार’ असं तुम्ही कुजबुजताय.

तुमची शंका रास्त आहे. आयुष्यभर बँकेत लेजर लिहिली, निवृत्तीनंतर पाच वर्षं सोसायटीचे हिशेब पाहिले. हातात सुया धरल्या त्या वयाच्या सत्तरीत. त्यामुळे कसं विणावं हे मी सांगणार नाही. ते इथे बसलेल्या निम्म्या वहिनी माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी सांगणार आहे ते जुना नमुना वाचावा कसा आणि आजच्या सुयांवर, आजच्या दोऱ्यात उतरवावा कसा, एवढंच.

याला कारण एक वही. आमच्या घरी एक दोनशे पानी वही आहे. माझ्या पत्नीने डहाणूच्या एका चिकूच्या वाडीतल्या इराणी बाईंकडचं जुनं इंग्रजी पुस्तक पाहून त्यातल्या जाळीच्या विणी आपल्या मराठीत उतरवून घेतल्या होत्या. एकूण ४३ नमुने. इंग्रजी नावं तिने ठेवलीच नाहीत. लाट, घोड्याचा नाल, चिंचेचं पान अशी स्वतःची नावं दिली. आणि लिहिलं सगळं खुणांत: ‘सु’, ‘उ’, ‘दोपु’, ‘२-१’. ती गेल्यावर वही मुलीने उघडली, सुनेने उघडली, मंडळातल्या दोघीतिघींनी उघडली. कोणालाच पुढे जाता येईना. ज्या बोटांना त्या खुणा पाठ होत्या ती बोटं राहिली नव्हती. वही जपून ठेवलेली होती, पण ती वाचणारं कोणी नसेल तर जपून उपयोग काय?

हे फक्त आमच्या घरातलं दुखणं नाही. छापील विणकामाची पुस्तकं इंग्रजीत धडाक्याने यायला लागली ती १८४० च्या सुमारास. एडिंबरोच्या जेन गॉगेन यांचं पुस्तक १८४० चं, लंडनच्या मिस लॅम्बर्ट यांचं १८४३ चं. प्रत्येक लेखिकेच्या खुणा वेगळ्या, सुयांचे नंबर वेगळे. मिस लॅम्बर्ट यांनी तर सुयांची जाडी मोजायचं साधन आपल्या नावाने काढलं, कारण त्याशिवाय वाचणारीला नेमकी सुई कळेना. आणि स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत. तिथल्या बायका अंगठीतून आरपार जाईल इतकी तलम शाल विणायच्या, पण कागदावर काहीच लिहीत नव्हत्या. आईचं पाहून लेकीने विणायचं. रशियातल्या ओरेनबुर्गच्या आणि एस्टोनियातल्या हापसालूच्या शालींची ख्याती तशीच, अंगठीतून जाणारी. जाळीची वीण कुठल्याही देशातली असो, एक पिढी मध्ये गळली की धागा तुटतो.

तर, जुना नमुना हातात आला की चार अडचणी येतात. शब्द, सुई, दोरा आणि छापण्यातली किंवा उतरवण्यातली चूक.

आधी शब्द. जुन्या पुस्तकांत एकाच गोष्टीला चार नावं. दोनाचा एक करणं याला कुठे ‘नॅरो’ म्हटलंय, उलट टाक्याला कुठे ‘सीम’. आमच्या नाती मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिकतात, तिथे आणखी घोळ. क्रोशाचंच घ्या. आपण ज्याला खांब म्हणतो त्याला इंग्लंडमध्ये ‘ट्रेबल’ म्हणतात आणि अमेरिकेत ‘डबल क्रोशे’. आणि इंग्लंडमध्येही ‘डबल क्रोशे’ आहे, पण तो म्हणजे आपला मुका खांब. आजीने इंग्लंडचं पुस्तक वाचून सांगायचं आणि नातीने अमेरिकेचा व्हिडिओ पाहून विणायचं, मग रुमालाची पिशवी झाली तर नवल काय! म्हणून पहिलं काम, नमुना कुठल्या देशातला आहे ते बघा.

सुईचं तसंच. आपल्याकडे दुकानात आजही ‘दहा नंबरची सुई’ मागतात. तो जुना इंग्रजी नंबर, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर ४ मिलिमीटर, १४ नंबर २ मिलिमीटर. अमेरिकेत नेमकं उलट, नंबर वाढला की सुई जाड. तिथली ३ नंबर म्हणजे आपली १०. तेव्हा नंबरावर जाऊ नका, सुईवर मिलिमीटर छापलेले असतात ते बघा.

आता माझ्या आवडीचा भाग. बँकेत एक शिस्त होती. बुकं टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही. दहा पैशांचा फरक असला तरी रात्री दहापर्यंत बसायचं. वहीतली ‘लाट’ मी समोर घेतली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, की जाळी म्हणजे जमाखर्च आहे. दोरा पुढे घेतला की एक भोक पडतं आणि एक टाका वाढतो, ती जमा. दोनाचा एक केला की एक टाका कमी होतो, तो खर्च. भोकं कुठे आणि जोड कुठे यावर नक्षी ठरते, पण दोन्हींची बेरीज जुळलीच पाहिजे.

ही ‘लाट’ म्हणजेच शेटलंडची ‘ओल्ड शेल’ ही प्रसिद्ध वीण. शेल म्हणजे शिंपला, त्यावरून नाव पडलं असं बरेच जण मानतात. आपण डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर वाळूत जशा वळ्या पाहतो तशी ती दिसते, तेव्हा ‘लाट’ हे नावही चुकलेलं नाही. १८ टाक्यांचा हा नमुना, चार ओळींचा. पहिली ओळ सुलट, दुसरी उलट, चौथी पुन्हा सुलट. खरी करामत तिसऱ्या ओळीत: तीनदा दोनाचा एक, मग सहा वेळा ‘दोरा पुढे, एक सुलट’, मग पुन्हा तीनदा दोनाचा एक. हिशेब मांडा. पहिल्या ६ टाक्यांचे ३ राहिले, मधल्या ६ चे १२ झाले, शेवटच्या ६ चे ३. तीन, बारा, तीन, अठरा. टॅली!

याचा उपयोग लगेच झाला. वहीतला ‘चिंचेचं पान’ दोघीतिघींनी विणून पाहिला होता आणि दर वेळी एक टाका जास्त येतो म्हणून सोडून दिला होता. आम्ही ओळींचा जमाखर्च मांडला. सातव्या ओळीत सहा ‘दोपु’ आणि ‘२-१’ पाचच. वरच्या-खालच्या ओळी पाहिल्या तर शेवटचा जोड कुठे असायला हवा ते लगेच दिसलं. एक ‘२-१’ घातला आणि पान उमललं.

मात्र एक सांगून ठेवतो. काठाच्या विणीत प्रत्येक ओळ टॅली होत नाही. तिथे एफडीसारखं असतं. ६ टाक्यांनी सुरुवात, दर काही ओळींनी एकेक भर, १० झाले की ४ एकदम बंद, पुन्हा ६. त्याचा हिशेब पूर्ण टोक विणून झालं की करायचा.

आता दोरा. आपल्याकडे रानशेतला थंडी किती? लोकरीची तलम शाल कपाटातच राहायची. मंडळाने ठरवलं की सुती दोऱ्यात उतरवू, म्हणजे ओढणी, पाळण्यावरचं पांघरूण, टेबलावरचा रुमाल होईल. पण सूत लोकरीसारखं ताणत नाही. घट्ट हाताने विणलं तर दोनाचा एक करताना बोटं दुखतात. म्हणून सुई एक-दोन नंबर जाड घ्यायची, आणि मोठ्या कामाला लांब सुयांऐवजी मध्ये वायर असलेली गोल सुई. सगळं वजन मांडीवर राहतं, मनगटावर येत नाही. ज्यांना संधिवात आहे त्या वहिनींनी हे जरूर करून पाहावं.

दोरा बदलला की माप बदलतं, आणि इथे पुन्हा हिशेब. समजा जुन्या नमुन्यात १८० टाके आहेत, म्हणजे ‘लाट’ १० वेळा. बारीक लोकरीत एका सेंटिमीटरला ४ टाके बसतात, रुंदी ४५ सेंटिमीटर. आपल्या सुती दोऱ्यात सेंटिमीटरला अडीचच टाके बसतात. तेच १८० टाके घातले तर रुंदी ७२ होईल. आपल्याला हवी ४५. पंचेचाळीस गुणिले अडीच म्हणजे साडेबारा वर शंभर टाके. १८ ने भागलं तर सहा लाटा, १०८ टाके. दोन्ही कडांना दोन-दोन साधे टाके, एकूण ११२, रुंदी ४४.८. झालं! फक्त तुकडा आधी विणून, धुऊन, गादीवर टाचण्यांनी ताणून वाळवा आणि मगच मोजा. न धुता मोजलेली जाळी म्हणजे न तपासलेलं पासबुक.

शेवटची पायरी तक्त्याची. आलेखाच्या कागदावर एक चौकोन म्हणजे एक टाका. गोल म्हणजे भोक, तिरकी रेघ म्हणजे जोड. समोरची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, मागची डावीकडून उजवीकडे. बार्बरा वॉकर या अमेरिकन बाईंनी १९७२ मध्ये विणींचं एक अख्खं पुस्तक तक्त्यांत दिलं, तेव्हापासून तिकडे ही पद्धत रुळली. तक्त्याला भाषा लागत नाही. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्या नातींनाही तो कळतो, आणि मोठा छापून घेतला, ओळीखाली पट्टी ठेवली, की मोतीबिंदू झालेल्या आजीलाही कळतो.

आता एक वाद सांगतो. मंडळातल्या एका ज्येष्ठ ताईंचं म्हणणं होतं की लोकरीचं सुती केलं, जोड बदलले, तक्ता केला, मग ती जुनी वीण राहिली कुठे? प्रश्न खरा आहे. जुन्या नमुन्यांत दोन्ही बाजूंना एकाच दिशेचा जोड असतो, त्यामुळे पानाची एक कड नीट आणि दुसरी जराशी दातेरी दिसते. डाव्या बाजूला एक टाका न विणता उचलून, पुढचा विणून, उचललेला त्यावरून काढला की दोन्ही कडा सारख्या होतात. करावं की न करावं?

उत्तर मला आपल्याच तालुक्यात सापडलं. गंजाडजवळच्या कलंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे. वारली बायका लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढत आल्या. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन इकडे आले, आणि म्हसे यांनी भिंतीवरची ती भाषा कागदावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भिंत बदलली, रंग बदलला, पण त्रिकोण, वर्तुळ आणि रेघ हा पाया तसाच राहिला. आणि लग्नातला चौक आजही भिंतीवर निघतोच. एक दुसऱ्याला खात नाही.

विणीचा पाया म्हणजे तिचा हिशेब: किती टाक्यांचा नमुना, किती ओळींचा, भोक कुठे आणि जोड कुठे. तो राखायचा. दोरा, सुई, माप, वस्तू खुशाल बदला. जोडाची दिशा बदलली तर तक्त्याखाली तसं लिहा, आणि मूळ तक्ताही शेजारी ठेवा. ताईंनी हे मान्य केलं, एका अटीवर: प्रत्येक तक्त्यावर तो कोणाकडून आला ते लिहायचं. बँकेच्या माणसाला ही अट आवडणारच. व्हाउचरवर सही पाहिजेच!

आज भिंतीवर लावलेले १९ तक्ते त्या वहीतले आहेत. अजून २४ बाकी आहेत, आणि या पंचवीस वर्षांत आपल्यातल्या ज्या चार-पाच हौशी विणणाऱ्या गेल्या, त्यांच्या घरीही अशा वह्या, अर्धवट रुमाल, जुनी तोरणं नक्की असतील. ती रद्दीत घालू नका. वही नसेल तर विणलेला तुकडा आणा, भोकं मोजून तक्ता करता येतो. दर शनिवारी चार वाजता सोसायटीच्या ऑफिसात आम्ही बसतो. आलेखाचे कागद, पेन्सिल आणि चहा आमच्याकडे.

आणि पुरुष मंडळींनो, तुम्हीही या. विणता आलं नाही तरी चालेल, बेरीज तर येते ना? मला तेवढंच येत होतं. तेवढ्यावर बायकोचं अक्षर पुन्हा वाचता आलं.