अदृश्य माणसाला थंडी वाजते

खेड्यात मास्तरकी करणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांचा नेहमीचा सवाल असतो, “शाळेच्या कपाटात जागा थोडी, पैसे त्याहून थोडे. त्यात या अद्‌भुत कादंबऱ्या कशाला? साऱ्या थापा!”

मी त्यांना आधी एकच पुस्तक सुचवतो : एच. जी. वेल्स यांचे 1897 सालचे ‘द इन्व्हिजिबल मॅन’. थाप त्यात आहेच, पण एकच. ग्रिफिन नावाचा शास्त्रज्ञ अदृश्य होतो. पुढचा हिशेब मात्र चोख. माणूस दिसत नाही, कपडे दिसतात; म्हणजे लंडनच्या थंडीत उघड्या अंगाने हिंडणे आले. खाल्लेले अन्न पचेपर्यंत पोटात दिसते. कुत्र्याला वास लागतो. चिखलाची पावले उमटली की पोरे माग काढतात. आपल्या गोष्टींतला राजपुत्रही गायब होतो, पण त्याला कधी हुडहुडी भरल्याचे ऐकले आहे?

वर्गात इथे वाचन थांबवावे आणि विचारावे, “आता पाऊस आला तर?” मग मुलांना बोलू द्यावे.

ज्यूल व्हर्न यांनी 1865 साली चंद्राकडे माणसे धाडली ती तोफेतून! त्या धक्क्याने त्यांचा चुराडाच व्हायचा. का, ते काढताना विज्ञानाचा एक तास बरा जातो.

मराठीतच हवी असेल तर डॉ. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ घ्यावी. दोन प्रती घ्या, मास्तर. एक तुमच्याच घरी राहील.