पाइपलाइन गावाजवळून, निर्णय गावावाचून

गॅसची पाइपलाइन वस्तीजवळून न्यायची असेल तर जमीन विकत घ्यावी लागत नाही. 1962 च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायद्याने केंद्र सरकारला जमिनीतला फक्त वापराचा हक्क घेता येतो. सातबाऱ्यावर नाव शेतकऱ्याचेच राहते आणि इतर हक्कांच्या रकान्यात पाइपलाइनची नोंद चढते. चर बुजला की त्या पट्ट्यात पुन्हा पेरणी करता येते. घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, तळे वा बंधारा करता येत नाही, झाडही लावता येत नाही. या कायमच्या बंधनांची भरपाई अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या 10 टक्के इतकी ठरलेली आहे. कामात झालेले पिकाचे व झाडांचे नुकसान वेगळे मिळते.

धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात या तरतुदीचा अर्थ काय होतो, हे एका शेतावर मोजून पाहता येते. साधारण चौकोनी दोन एकर रानाची बाजू 90 मीटर भरते. त्यातून 20 मीटर रुंदीचा पट्टा आरपार गेला की 1800 चौरस मीटर, म्हणजे 80 गुंठ्यांतले जवळपास 18 गुंठे बंधनात अडकतात. पावसाची खात्री नसलेल्या या भागात कपाशी आणि हरभरा विहिरीच्या जिवावर उभा असतो. पाण्याची जागा नेमकी त्या पट्ट्यात निघाली तर ती विहीर होत नाही, आणि पुढच्या पिढीच्या वाटणीत तो तुकडा कोणी घ्यायचा यावरून भावाभावांत तंटा लागतो. दहा टक्क्यांच्या हिशेबात हा तंटा कुठेही धरलेला नाही.

साहित्य मेळाव्याच्या अध्यक्षपदावरून हा विषय मांडला जातो तेव्हा भुवया उंचावतात. त्या खुशाल उंचावोत. गावाचे म्हणणे कागदावर कसे उतरते आणि कसे उतरत नाही, हा लिहिणाऱ्यांचाच प्रश्न आहे. खानदेशातल्या लेखकाने मातीवर कविता कराव्यात आणि त्याच मातीखालच्या अधिसूचनेकडे पाठ फिरवावी, हा सोयीचा सभ्यपणा आता पुरे झाला.

पाइपलाइन कायद्यातली सुनावणी अशी आहे. वापर हक्क घेण्याचा इरादा भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध होतो. त्या तारखेपासून 21 दिवसांत, जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीने सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत द्यायची. तो म्हणणे ऐकतो, हरकत मान्य करतो किंवा फेटाळतो, आणि त्याचा आदेश अंतिम असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सावलिया खटल्यात हा कायदा वैध ठरवला, दहा टक्क्यांची तरतूदही उचलून धरली. मात्र असा अंतिम निर्णय देणारा माणूस न्यायिक पदाचा अनुभव असलेला किंवा कायद्याचा जाणकार असला पाहिजे, असेही बजावले. हे बजावावे लागले, यातच त्याआधीच्या पन्नासेक वर्षांतल्या सुनावण्यांची परीक्षा आली.

या सुनावणीला सल्लामसलत म्हणता येत नाही. राजपत्रात गट क्रमांक छापून येतात तेव्हा आखणी झालेली असते. त्यानंतर गावकऱ्याला फक्त आपल्या गटापुरते रडगाणे गाण्याची मुभा उरते. रेषा गावाच्या दुसऱ्या अंगाने का नेली नाही, हा प्रश्न विचारण्याची वेळ तोवर टळलेली असते.

त्याहून मोठा अन्याय शेजाऱ्यावर आहे. राहत्या घराची जमीन, पक्के बांधकाम आणि घराला लागून असलेली मोकळी जागा यांखालून पाइप नेण्यास हा कायदा मनाई करतो. पाइप एक मीटरपेक्षा कमी खोलीवर नसावा, असेही सांगतो. पण अंगणाच्या हद्दीपासून पाइप किती दूर हवा, याचा आकडा या कायद्यात नाही. ज्याच्या जमिनीतून पाइप जात नाही, त्याच्या घराची भिंत पट्ट्याला भिडलेली असली तरी त्याला हरकतीचा अधिकार नाही. शेतमजूर, भाड्याने राहणारा, घरकुलाच्या रांगेतला माणूस या कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

अभियंत्यांच्या लेखी मात्र तो असतो. गॅसवाहिनीच्या आखणीत पाइपच्या दोन्ही बाजूंना सुमारे 200 मीटरपर्यंतची घरे मोजतात. 1.6 किलोमीटर लांबीत 10 किंवा त्याहून कमी घरे असतील तर विरळ वस्तीचा वर्ग लागतो आणि पोलादावर त्याच्या क्षमतेच्या 72 टक्क्यांपर्यंत ताण चालतो. घरे 46 वर गेली की ही मर्यादा 50 टक्क्यांवर येते, म्हणजे पाइप अधिक जाड घ्यावा लागतो आणि गॅस तोडण्याच्या झडपा जवळजवळ बसवाव्या लागतात. ज्यांची घरे मोजून पोलादाची जाडी ठरते, त्या घरांतल्या माणसांना विचारायचे नाही, असा हा व्यवहार आहे. शिवाय गावठाण वाढते. पुढच्या दहा वर्षांत नवे प्लॉट कोणत्या अंगाला पडणार, घरकुले कुठे उभी राहणार, हे सर्वेक्षणाच्या नकाशापेक्षा ग्रामसभेला जास्त ठाऊक असते. गावाला विचारणे ही म्हणूनच सुरक्षेची बाब आहे.

सुरक्षेकडे दुर्लक्ष करण्याची किंमत आंध्रात दिसली आहे. तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावात 27 जून 2014 च्या पहाटे ‘गेल’ या सरकारी गॅस कंपनीच्या वाहिनीतून गॅस फुटला आणि पेटला. 20 हून अधिक माणसे गेली. पाइप आतून गंजला होता. गॅसला स्वतःचा वास नसतो. ओळखीचा उग्र वास देणारे द्रव्य साधारणपणे शहरी वितरणाच्या टप्प्यावर मिसळतात, त्यामुळे मुख्य वाहिनीशेजारच्या गावाने नाकावर विसंबून चालत नाही.

जनसुनावणी तर पर्यावरण कायद्याने होतेच, असे सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत तेल व गॅसच्या वाहिन्या येतात त्या मुख्यतः राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये आणि संवेदनशील क्षेत्रांतून जाणाऱ्या. शेतशिवारातून जाणारी वाहिनी त्यातून सुटते. 2013 च्या भूसंपादन कायद्यातला सामाजिक परिणामांचा अभ्यासही इथे लागू होत नाही, कारण त्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत पाइपलाइन कायदा वगळून ठेवलेला आहे. ग्रामसभेचा सल्ला घ्यायला लावणारा पेसा कायदा धुळे जिल्ह्यात लागू आहे तो साक्री आणि शिरपूरकडच्या आदिवासी गावांना, शिंदखेड्याला नाही. अशी प्रत्येक दारावर कडी आहे.

तमिळनाडूने ती काढून पाहिली. कोची-बंगळुरू वाहिनी पश्चिमेकडच्या सात जिल्ह्यांतल्या शेतांतून जाणार होती. मार्च 2013 मध्ये राज्य सरकारने शेतकऱ्यांची म्हणणी ऐकली आणि वाहिनी महामार्गाच्या कडेने न्यावी असे ठरवले. उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि फेब्रुवारी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे अपील फेटाळले. आखणी पक्की झाल्यावर ऐकलेले म्हणणे कितीही खरे असले तरी न्यायालयात टिकत नाही. म्हणून ते आधी ऐकले पाहिजे.

शिंदखेडा तालुक्याला हे दुसऱ्या राज्याकडून शिकण्याची गरज नव्हती. दोंडाईचाच्या वीजप्रकल्पासाठी विखरणची जमीन गेली. तिथले वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील पाच एकरांच्या तुटपुंज्या मोबदल्याची दाद मागत कचेऱ्या झिजवत राहिले. 22 जानेवारी 2018 रोजी मंत्रालयात त्यांनी विष घेतले आणि 28 जानेवारीला जे. जे. रुग्णालयात त्यांचे प्राण गेले. एका म्हाताऱ्या माणसाला आपले म्हणणे ऐकवण्यासाठी मुंबई गाठावी लागली. ज्या तालुक्यात हे घडले तिथे यापुढे कुठल्याही प्रकल्पाची आखणी गावाला न विचारता होऊ देणे म्हणजे त्या मृत्यूचा अपमान आहे.

गॅसला विरोध हा मुद्दाच नाही. मनमाडहून इंदूरजवळच्या मांगलियाला जाणारी तेलवाहिनी खानदेशाने पोटात घेतलीच आहे. चुलीचा धूर जावा, नरडाण्याच्या कारखान्यांना इंधन मिळावे, हे कोणाला नको आहे? विचारत बसले तर प्रकल्प रखडतात, हा युक्तिवाद मात्र खोटा आहे. न विचारता आखलेली वाहिनी वर्षानुवर्षे कोर्टात अडकते, हे तमिळनाडूने दाखवले.

विचारण्याची यंत्रणा गावात आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने वर्षाला किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत, आणि त्यांच्याआधी महिलांची सभा. सर्वेक्षणाची पहिली खूण रोवण्यापूर्वी किमान दोन पर्यायी रेषा नकाशासह या सभांपुढे आल्या पाहिजेत. 200 मीटरच्या आतल्या प्रत्येक घराला, मालक असो वा भाडेकरू, लेखी सूचना गेली पाहिजे. लोक अहिराणीत बोलतील. ते तसेच इतिवृत्तात उतरले पाहिजे, आणि नाकारलेल्या प्रत्येक सूचनेखाली कारण लिहिले पाहिजे. इथे शाळामास्तर, पत्रकार, कवी यांनी लेखणी घेऊन बसावे. ग्रामसेवकाच्या चार ओळींवर गावाचे भवितव्य सोडू नये. शिंदखेडा आणि दोंडाईचाच्या गल्ल्यांत रस्त्याकडेने येणाऱ्या कमी दाबाच्या शहरी वाहिन्यांनाही हेच लागू व्हावे. तिथे आज रस्ता खोदण्याची परवानगी पुरते आणि घरमालकाला खड्डा दिसल्यावर बातमी कळते.

गॅस सुरू झाल्यावरही कंपनीचे उत्तरदायित्व संपत नाही. वाहिनीचा नकाशा, जवळच्या झडपेची जागा आणि रात्री उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि तलाठ्याच्या दप्तरात कायम असला पाहिजे. आपत्तीची रंगीत तालीम तालुक्याच्या कचेरीत उरकू नये. ती पट्ट्याशेजारच्या वस्तीत, तिथल्या बायाबापड्यांना सोबत घेऊन, दरवर्षी व्हावी आणि तिचा अहवाल पुढच्या ग्रामसभेत वाचला जावा.