‘ब्रेड’ या शब्दाचे घराणे



आजचा विषय वाचून काही मंडळी गालात हसली असतील. व्याख्यानमालेत वेदान्त यावा, इतिहास यावा, पाव कशाला? पण आमचा अनुभव असा की, देवघरातल्या शब्दांपेक्षा स्वयंपाकघरातले शब्द अधिक खरे बोलतात. देवघरातले शब्द सोवळ्यात असतात, ते जपून बोलतात.

‘ब्रेड’ हा शब्द आता आपल्या वाण्याच्या दुकानातही रुळला आहे. परंतु हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रज माणसाला भाकरीसाठी हा शब्द सुचला नसता. तो म्हणे ‘ह्लाफ’. आजचा ‘लोफ’ तो हाच. ख्रिस्ती प्रार्थनेत देवाजवळ रोजची भाकर मागतात, तीही जुन्या इंग्रजीत ‘ह्लाफ’ म्हणूनच मागितलेली आहे. ‘ब्रेड’ तेव्हा होता, पण घरातल्या धाकट्या भावासारखा. त्याच्या मुळाविषयी पंडितांत दोन तट आहेत. एक तट म्हणतो, आंबवण्याच्या क्रियेवरून तो आला; दुसरा म्हणतो, त्याचा मूळ अर्थ तुकडा, घास. आमचे मत दुसऱ्या बाजूला झुकते. जुन्या इंग्रजीत तो कण-तुकडा या अर्थाने सापडतो, आणि आपल्याला तर यात नवल वाटण्याचे कारणच नाही. आपण ‘भाकरतुकडा’ ओवाळून टाकतो. फुकट खाणाऱ्याला ‘तुकडे मोडतो’ म्हणतो. तुकडा म्हणजेच अन्न, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. इसवी सन १२०० च्या सुमारास या धाकट्याने थोरल्याची जागा घेतली. ब्रेड म्हणजे पदार्थ झाला, आणि ‘लोफ’कडे त्या पदार्थाचा एक नग एवढाच अर्थ उरला.

पण थोरला भाऊ गेला तो जाताना वाड्यात आपल्या खुणा ठेवून गेला. ‘लॉर्ड’ हा शब्द घ्या. त्याचे जुने रूप ‘ह्लाफोर्ड’, त्याहून जुने ‘ह्लाफवर्ड’. ‘वर्ड’ म्हणजे राखणारा. लॉर्ड म्हणजे भाकरी राखणारा! आपल्याकडे ‘लाटसाहेब’ म्हणून ज्याचा दरारा होता, तो मुळात कोठीच्या दाराशी बसलेला गृहस्थ निघाला. (लाटसाहेबाचा आणि आपल्या पोळी लाटण्याचा मात्र काही संबंध नाही. ज्याला-त्याला पोळी लाटण्याची सवय असली, तरी व्युत्पत्ती तिच्यावर बसवू नये.) आणि त्याची ‘लेडी’? ‘ह्लॅफ्दिये’, म्हणजे कणीक मळणारी. धनी भाकरी राखतो, धनीण मळते. मग खातो कोण? त्यालाही शब्द होता: ‘ह्लाफ-एटा’, भाकरी खाणारा, म्हणजे पोसलेला चाकर. केंटचा राजा एथेलबर्ट याचे कायदे इसवी सन ६०० च्या आसपासचे. इंग्रजी भाषेतले ते सर्वांत जुने कायदे. त्यांत सामान्य शेतकऱ्याचा असा ‘भाकरी खाणारा’ कोणी मारला, तर सहा शिलिंग भरपाई द्यावी, असे कलम आहे. माणसाला नाव नाही, जात नाही, धंदा नाही. तो दुसऱ्याची भाकरी खातो, एवढीच त्याची ओळख.

आमच्या मते हे तीन शब्द शेजारी-शेजारी ठेवले की त्या समाजाची सबंध उतरंड दिसते. राखणारा लॉर्ड होऊन सरदारांच्या सभागृहात जाऊन बसला, मळणारी लेडी झाली, आणि खाणारा शब्दकोशातूनच नाहीसा झाला. आपण या बाबतीत मिठाची भाषा वापरतो. ‘ज्याचे खावे मीठ’ म्हणतो, मिठाला जागतो. जिन्नस निराळा, हिशेब तोच. देणाऱ्याने दिलेले विसरायचे नाही, आणि ते कोणाच्या कष्टाने पिकले हे विचारायचे नाही.

‘लेडी’च्या शेवटच्या भागापाशी जरा थांबू या. ‘डो’ म्हणजे मळलेली कणीक. हे दोन्ही शब्द ज्या मूळ धातूचे, त्याचाच संस्कृत वंशज ‘दिह्’, लिंपणे. त्यावरून आपला ‘देह’. माती मळून, लिंपून आकार द्यावा, तसा घडलेला तो देह. कीर्तनात देहाला मातीची उपमा देतात, ती उपमा शब्दाच्या पोटातच होती. पावाची कणीक आणि तुकोबांचा देह एका परातीतले, हे ऐकून आम्ही स्वतः प्रथम चकित झालो होतो.

आता दुसरे घराणे. लॅटिनमध्ये भाकरीला ‘पानिस’. ‘कॉम’ म्हणजे बरोबर. बरोबर भाकरी खाणारा तो ‘कंपॅनियन’, सोबती. आणि अशा सोबत्यांचा मेळा ती ‘कंपनी’. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव या अर्थाने उच्चारून पाहा! त्या पंगतीत पान कोणाचे वाढले आणि ताट कोणाचे ओढले गेले, हे आपण जाणता.

याच ‘पानिस’चा पोर्तुगीज नातू ‘पांव’. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्याबरोबर हा पदार्थ आला आणि त्याचे नावही. यीस्ट नव्हते, म्हणून ताडी-माडीने पीठ आंबवले. गोव्यातला ‘पोदेर’ हाही पोर्तुगीज ‘पादेइरु’च. पायांनी मळतात म्हणून पाव, किंवा चार भागांतला पाव म्हणून पाव, या दोन्ही व्युत्पत्ती ऐकायला गोड, पण खोट्या. मात्र पायांची ती खोटी गोष्ट का जगली, हे पाहण्यासारखे आहे. पाव बाटवतो, अशी भीती तिच्यामागे होती.

ही भीती किती खरी होती! १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. तिच्या चालकांत दादोबा पांडुरंग होते. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे तेच. सभा गुप्त असे. नव्या सभासदाने जातिभेद सोडल्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव सर्वांदेखत खायचा. वर्गात विभक्ती चालवणाऱ्या पंडिताने दार लावून पावाचा तुकडा मोडायचा, आणि बाहेर कळले तर वाळीत पडायचे. कंपॅनियन या शब्दाचा इतका शब्दशः अर्थ कोणी केला असेल, असे आम्हास वाटत नाही. १८६० मध्ये सभेची कागदपत्रे चोरीला गेली, नावे फुटण्याच्या भयाने मंडळी पांगली. त्यांच्यापैकी काहींनी १८६७ साली प्रार्थना समाज काढला. तो मात्र उघड्या दाराने.

आमच्या लहानपणीही घरी पाव येई, तो केवळ आजाऱ्यासाठी. आणि तो स्वयंपाकघरात जात नसे, ओटीवरच्या कोनाड्यात राही. आजीने तो कधी आत येऊ दिला नाही. शेवटच्या दुखण्यात डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा तिने ओटीवर बसून तो चहात बुडवून खाल्ला, आणि कोणी उठायच्या आत कपबशी स्वतःच विसळून ठेवली.