आधी श्वास सोडा
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बोलायला दहा मिनिटं दिली आणि एक अटही घातली : "कॉम्प्युटरवर बोलू नकोस, सगळ्यांच्या उपयोगाचं काहीतरी सांग." सकाळपासून चहाच्या टेबलाजवळ आपल्या गप्पा ऐकत होते. शाळेच्या आठवणी संपल्या की गाडी बीपी, झोप आणि कामाच्या ताणावर येत होती. कुणी बँकेत टार्गेटच्या मागे आहे, कुणी दुकान सांभाळतंय, कुणी दवाखान्यात रात्रपाळी करतंय, तर कुणी साठ मुलांच्या वर्गासमोर उभं राहतंय. म्हणून आज श्वासावर बोलते. मी योगशिक्षिका नाही, इंजिनिअर आहे. जे स्वतः रोज वापरते तेवढंच सांगेन.

आमच्याकडे ऑन-कॉल नावाची पाळी असते. रात्री सर्व्हर बंद पडला की पाळी असलेल्याचा फोन वाजतो. काही वर्षांपूर्वी माझं असं झालं की फोन वाजला नाही तरी रात्री छातीत धडधडायचं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. मग त्यांनी विचारलं, "कामाच्या गडबडीत तुमचा श्वास कसा चालतो?" मला सांगता येईना. दुसऱ्या दिवसापासून लक्ष ठेवलं. स्क्रीनवर लाल अक्षरं दिसली की माझा श्वास चक्क थांबायचा. हे माझ्या एकटीचं नव्हतं. लिंडा स्टोन या अमेरिकन लेखिकेने २००८ साली याला 'ईमेल ॲप्निया' असं नावच दिलं आहे.

आता एक प्रयोग करू. दोन बोटं मनगटावर ठेवा, नाडी शोधा. सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. दोन-तीनदा करा. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंद होते. काहींना ते बोटांना कळेलही. मेंदूपासून हृदयापर्यंत आणि पुढे पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस आहे, ती हृदयाला लगाम घालते. श्वास सोडताना तिचा लगाम जास्त लागतो. हृदयाला 'हळू चाल' असं सांगून चालत नाही, पण श्वास आपल्या हातात आहे. सगळी युक्ती एवढीच.

"खोल श्वास घे" असा सल्ला आपण एकमेकांना देतो, आणि ऐकणारा छाती फुगवून भराभर हवा ओढतो. त्याने उलट चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. म्हणून माझं सांगणं : आधी श्वास सोडा. आत येणारा आपोआप येतो.

पहिली पद्धत. नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. एका श्वासाला दहा सेकंद, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. एरवी बसल्याजागी आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. मीटिंग सुरू होण्याआधी, रागाने लिहिलेला मेल पाठवण्याआधी, वर्गात शिरण्याआधी एक मिनिट पुरतं. शेजारच्याला कळतही नाही.

दुसरी पद्धत खूप घाबरल्यावरची. नाकाने श्वास घ्या, तो न सोडता वर अजून एक छोटा श्वास घ्या, मग तोंडाने लांब सोडा. लहान मूल रडून शांत होताना असंच दोन टप्प्यांत श्वास घेतं, आठवून बघा. स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०२३ सालचा एक अभ्यास आहे. त्यात लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं वेगवेगळे प्रकार केले. मन प्रसन्न होण्यात या पद्धतीचा फायदा ध्यानापेक्षा जास्त दिसला.

आपल्याकडे हे शास्त्र जुनं आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि प्राणायामाचे परिणाम प्रयोगशाळेत मोजायला घेतले. २००१ साली इटलीतल्या संशोधकांना आढळलं की जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. ते वाचताना मला आपला परिपाठ आठवला. बाई म्हणायच्या, "ओळ तोडू नका, एका दमात म्हणा." एका दमात ओळ म्हणायची म्हणजे लांब उच्छ्वासच की!

दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगते. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर श्वास मोजत बसू नका, आधी दवाखाना गाठा. माझंही हृदय तपासून झाल्यावरच हे सुरू झालं. आणि बीपी असलेल्यांनी श्वास जोर लावून रोखून धरू नये.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. श्वासाने काम कमी होत नाही. तेव्हा आमच्या टीममध्ये रात्रीचे फोन दोघांवरच यायचे आणि ऑफिस म्हणायचं, "ताण घेऊ नका, प्राणायाम करा." मी प्राणायाम केला. धडधड थांबली, रात्री झोप लागू लागली, आणि डोकं शांत झाल्यावर तीन महिन्यांच्या रात्रीच्या फोनांचा तक्ता करून मॅनेजरसमोर ठेवला. आवाज न चढवता म्हटलं, "ही पाळी सहा जणांत वाटा." दोन बैठका झाल्या, कुरकुर झाली, पण पाळी वाटली गेली. आधीच्या मनःस्थितीत मी एकतर रडले असते किंवा राजीनामा दिला असता. तेव्हा तुम्हाला कुणी नुसताच श्वास घ्यायला सांगत असेल, तर जरूर घ्या, आणि मग जे बोलायचं आहे तेही बोला.

आपण चाळिशी ओलांडली आहे. पुढच्या मेळाव्याला इथली एकही खुर्ची रिकामी नको, असं मनापासून वाटतं. जेवणाची घंटा व्हायला एक मिनिट आहे. सर, बाई, तुम्हीसुद्धा. पाठ ताठ, खांदे सैल. आधी सोडा... आता चार मोजत घ्या... सहा मोजत सोडा. असे सहा श्वास, आणि मग पंगतीला बसू.