भाडं कमी करून मागताना

(घरकामगार बायकांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पगार हातात पडायच्या आधी भाडं दारात येऊन उभं राहतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. अशा वेळी मालकाशी बोलायला घरातून कोण पुढे होतं? नवरा नेमका बाहेर गेलेला असतो. ‘तूच सांग त्यांना काहीतरी’ असं म्हणून गेलेला असतो. म्हणजे करारावर नाव त्याचं आणि बोलणी खायला आपण. म्हणून मी म्हणते, घरभाडं हा बायकांचा प्रश्न आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे फार उघडं पडलं. सोसायट्यांच्या फाटकावर घरकामगार बायांना अडवलं गेलं. काही घरांनी पगार चालू ठेवला, पुष्कळांनी ठेवला नाही. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश निघाला की, मजुरांकडून एक महिना भाडं मागू नये, त्यांना घराबाहेर काढू नये. १७ एप्रिलला महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलायला सांगितलं. वस्तीत बातमी पोचली ती मात्र ‘भाडं माफ झालं’ अशी! राज्याने ते माफ केलं नव्हतं, पुढे ढकलायला सांगितलं होतं. तीन महिन्यांनी सगळी थकबाकी एकदम अंगावर आली.

म्हणून तीन शब्द नीट वेगळे ठेवा. माफी म्हणजे ते पैसे कधीच द्यायचे नाहीत. कपात म्हणजे ठरलेल्या काळापुरतं भाडं कमी. मुदत म्हणजे पैसे द्यायचेच, फक्त नंतर. मालक ‘बघू, सवलत देऊ’ म्हणाले की लगेच विचारा, यातलं नेमकं काय?

त्या वर्षी मी बऱ्याच जणींबरोबर मालकांकडे गेले. त्यातून जे कळलं ते सांगते.

भाडं थकल्यावर जाऊ नका, थकणार असं दिसलं की जा. तोंड चुकवणारी बाई बुडवणारी वाटते. आधी येऊन सांगणारीवर विश्वास बसतो.

‘काहीतरी कमी करा’ असं म्हणू नका. आकडा घेऊन जा. समजा, भाडं ४,००० आहे आणि तीन महिने २,५०० च जमणार आहेत. म्हणजे तूट झाली ४,५०० ची. मग म्हणा, ‘यातले निम्मे, २,२५० तुम्ही सोडा. उरलेले २,२५० मी नंतर दरमहा २५० प्रमाणे नऊ महिन्यांत फेडते.’ हे ऐकल्यावर मालकाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावंच लागतं. पण जमेल तेवढंच कबूल करा. व्याजाने पैसे काढून भाडं भरणं म्हणजे एका मालकाच्या जागी दोन मालक करून घेणं.

मालकाचाही हिशेब त्याच्यासमोर मांडा. खोली रिकामी झाली तर रंगरंगोटी, एजंट आणि नवा भाडेकरू मिळेपर्यंत बुडालेलं भाडं. टिकून राहणारं, ओळखीचं कुटुंब थोड्या कमी भाड्यात परवडतं. शिवाय सगळे मालक काही गबर नसतात. दोन खोल्यांच्या भाड्यावर म्हातारपण काढणाऱ्या विधवा काकूही आपल्याच वस्तीत आहेत. त्यांच्याकडे माफी मागण्याआधी विचार करा. तिथे बहुधा थोडी कपात आणि बाकीची मुदत हाच न्याय्य मार्ग.

डिपॉझिटमधून भाडं वळतं करायला मालक तयार होतात. पण ते पैसे आपलेच आहेत, ती सवलत नव्हे. पुढे खोली बदलायची वेळ आली तर नवं डिपॉझिट कुठून आणणार?

जे ठरेल ते कागदावर घ्या. रक्कम, किती महिने, माफी की मुदत, तारीख, दोघांच्या सह्या. मोबाइलवरून पैसे पाठवले तरी त्याची नोंद जपून ठेवा.

आणि एकटीने जाऊ नका. नवऱ्याने टाकलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला भाड्याच्या बदल्यात भलतंच सुचवणारे मालक असतात. हे दबक्या आवाजात बोलून चालणार नाही. तो गुन्हा आहे. तिथे वाटाघाट थांबते आणि तक्रार सुरू होते.

आता थोडं कायद्याचं. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. भाड्याची पावती मागणं हा आपला हक्क आहे. थकबाकीसाठी भाडेकरूला काढायचं तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबल्याशिवाय दावा लावता येत नाही. सबळ कारण नसताना पाणी, वीज तोडता येत नाही. मात्र करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असेल तर हे संरक्षण फार तोकडं आहे, मुदत संपली की जागा सोडावी लागते. तेव्हा सही करण्याआधी कागद वाचून घ्या.

करारावर आपलंही नाव घाला. नाव नसलं तरी घाबरू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने भाड्याच्या घरातही राहण्याचा हक्क बाईला आहे, आणि गरज पडल्यास नवऱ्याने तिच्या राहण्याचं भाडं भरावं असा आदेश न्यायालय देऊ शकतं.

शेवटी एक जुनी गोष्ट. १९१५ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात मालकांनी भाडी वाढवली. पुष्कळ घरांतले पुरुष लढाईवर होते. मेरी बार्बर आणि तिच्या शेजारणींनी ठरवलं, वाढीव भाडं द्यायचं नाही. घर खाली करायला माणसं आली की घंटा वाजायची, बाया जमायच्या आणि त्यांच्यावर पिठाचा मारा करायच्या! नोव्हेंबरपर्यंत सुमारे वीस हजार कुटुंबं त्यात सामील झाली. डिसेंबरमध्ये ब्रिटिश सरकारला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. आपल्या मुंबईतही १९१८ साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला.

त्या बाया काही वकील नव्हत्या. एकमेकींच्या दारावरची घंटा त्यांना ऐकू येत होती, एवढंच. आपल्या गल्लीत कुणाचं भाडं थकलंय हे आपल्याला माहीत असतं. पण आपण ते लाजेखातर बोलत नाही. काम गेलं यात लाजण्यासारखं काय आहे? तेव्हा आज घरी गेल्यावर करारनामा आणि पावत्या शोधून काढा. पुढच्या बैठकीला येताना सोबत आणा. आपण त्या मिळून वाचू.